त्याची जागा त्यालाच शोधू दे

रत्नागिरी

चि. सईस,


तुझा निरोप मिळाला. बबल टिप ॲनिमोन टाकीत सोडलास, समोरच्या सपाट दगडावर नीट बसवलास आणि रात्रीतून तो मागच्या कपारीत जाऊन बसला. आता धड दिसतही नाही, तर प्लास्टिकच्या कार्डाने सोडवून पुन्हा पुढे आणू का, असं विचारतेस. उत्तर आधीच देऊन टाकते: आणू नकोस. का, ते सविस्तर लिहिते.

ॲनिमोनला आपण समुद्रपुष्प म्हणत असलो तरी तो प्राणी आहे आणि त्याला स्वतःचं मत आहे. बुडाशी जी चकती असते तोच त्याचा पाय. तिने तो दगड धरतो आणि जागा पटली नाही की तिच्यावरच हळूहळू सरकत निघतो. बबल टिपची समुद्रातली रीतच अशी की, पाय खडकाच्या खोल फटीत रोवायचा आणि शुंडकं तेवढी उजेडात पसरायची. काही धोका वाटला की सगळं अंग आत ओढून घेता येतं. सपाट दगडावर हे जमत नाही, म्हणून तो गेला. कपारीत कायमचा दडून राहील ही भीतीही नको. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याच्या अन्नाचा मोठा वाटा ते शैवाल उजेडावर तयार करतं. उजेड कमी पडला तर तो आपणहून वर सरकेल. तू ओढायला गेलीस आणि पाय फाटला, तर मात्र ती जखम चिघळू शकते आणि तो दगावूही शकतो. लावलेल्या रोपाने मूळ धरलं का, हे रोज उपटून बघणाऱ्याची बाग होत नाही, तसंच हे. फारच अडचणीच्या जागी बसला आणि हलवणं भागच पडलं, तर दगडासकट उचल.

त्याला जागा नेमून देणं तुझं काम नाही. तो फिरेल तिथे त्याला इजा होणार नाही आणि टाकीतलं पाणी डळमळणार नाही, एवढं बघणं तुझं काम आहे.

आधी इजेचं. फिरणाऱ्या ॲनिमोनचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे वेव्हमेकर आणि पॉवरहेड. ओढला गेला तर त्याच्या चिंध्या होतात आणि त्या चिंध्या टाकीभर पसरून बाकीच्यांच्या जिवावर उठतात. म्हणून आजच प्रत्येक पंपाच्या तोंडाला जाळी किंवा जाडसर स्पंज लाव. ओव्हरफ्लोच्या फटी झाक. हीटर सम्पमध्ये ठेव, नाहीतर त्याला पिंजरा बसव. पाय घट्ट रोवेपर्यंत प्रवाह थोडा कमी ठेव. आजूबाजूला प्रवाळ असतील तर निदान वीतभर अंतर मोकळं कर. त्याच्या शुंडकांत दंशपेशी असतात, शेजाऱ्याला त्या भाजून काढतात.

आता पाण्याचं. तापमान 25 ते 26 अंश, विशिष्ट गुरुत्व 1.025 ते 1.026, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, अल्कलिनिटी 8 ते 9 डीकेएच. हे आकडे तुला पाठ असतील. पण आकडा अचूक असण्यापेक्षा तो स्थिर असणं ॲनिमोनला जास्त मानवतं. संध्याकाळी आकडा जरा इकडेतिकडे दिसला की लगेच बाटली उघडून काहीतरी ओतायचं, ही सवय सोड. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये पाणी सहज 30 अंशांवर जातं. चिलर नसेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लाव. पंख्याने पाणी भराभर उडतं, मीठ मात्र मागे राहतं आणि खारेपणा चढत जातो. तेव्हा उडालेलं पाणी रोजच्या रोज भरायचं ते आरओ-डीआयचं गोडं, मिठाचं नव्हे. नळाचं पाणी क्लोरिनमुळे थेट चालणार नाही. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असू दे. माशाला काही झालं म्हणून तांब्याचं औषध या टाकीत घालू नकोस. मासा त्याने बरा होईल, ॲनिमोन मरेल.

दिवा पहिल्या दिवसापासून पूर्ण तेजाने लावू नकोस. दुकानातल्या मंद उजेडातून आलेला जीव आहे. निम्म्यावर सुरुवात कर आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू चढव. त्याचा रंग तपकिरी किंवा हिरवट असेल तर उत्तम, तपकिरी छटा त्याच्या शैवालाची असते. पुढेमागे दुसरा घ्यायची वेळ आली तर पांढराशुभ्र सुंदर दिसतो म्हणून घेऊ नकोस. त्याचं शैवाल गेलेलं असतं, म्हणजे तो उपाशी असतो.

यापुढचं नीट वाच, कारण घाबरगुंडी इथेच उडते. एखाद्या सकाळी तो तुला आक्रसून मुठीएवढा झालेला दिसेल. शुंडकं आत गेलेली, अंग सुरकुतलेलं, तोंडाशी तपकिरी तंतूंचा गुंता. तो मेलेला नाही. त्याला तोंड एकच, खाणंही त्यातूनच आणि टाकणंही त्यातूनच. पोटातलं जुनं पाणी आणि मळ बाहेर काढायला तो अंग पिळून घेतो आणि काही तासांत पुन्हा भरून येतो. इथे आमच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खडकाच्या फटीत बोटाच्या पेराएवढे तपकिरी, ओलसर गोळे चिकटलेले असतात. बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी जेलीचा तुकडा टाकलाय. भरतीचं पाणी वर चढलं की त्याच गोळ्याचं तोंड सैल होतं, मग एकेक शुंडक बाहेर येतं आणि थोड्या वेळात पूर्ण प्राणी उघडतो. मिटणं हे ॲनिमोनच्या रोजच्या जगण्यातलंच आहे. (हे सांगितलं म्हणून इथला एखादा उचलून न्यायची कल्पना मात्र डोक्यात आणू नकोस. त्यांना भरती-ओहोटी लागते, आणि ते किनाऱ्यावरच बरे.)

खरी काळजीची लक्षणं वेगळी आहेत. तोंड दिवसेंदिवस आ वासलेलं, आतलं मांस बाहेर लोंबणारं, पाय कशालाच न धरणारा, कातडी गळून सुटणारी आणि वर काढल्यावर नाक धरायला लावणारी कुजकी दुर्गंधी. ही सगळी एकत्र दिसली तर हळहळत बसू नकोस, ताबडतोब बाहेर काढ. मेलेला ॲनिमोन एका रात्रीत टाकीभर अमोनिया करतो. त्यानंतर मोठा पाणीबदल आणि फिल्टरमध्ये ताजा कार्बन. मात्र यातलं एकच लक्षण, तेही एकदाच दिसलं, तर हात खिशात घाल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघ.

खाऊ घालायचीही घाई नको. पहिला आठवडा काहीच देऊ नकोस. मग वाटाण्याएवढा कोळंबीचा तुकडा लांब चिमट्याने शुंडकांवर अलगद टेकव. शुंडकं त्याला चिकटतील, एकामागून एक आत वळतील आणि तुकडा तोंडाकडे सरकेल. तेवढं झालं की चिमटा मागे घे. नको असेल तर तो टाकून देईल, तो तुकडा लगेच उचलून काढ. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. मोठा तुकडा दिलास तर दुसऱ्या दिवशी अर्धवट पचलेला तसाच बाहेर येईल आणि पाणी नासेल.

क्लाऊनफिशबद्दल तू विचारलं नाहीस, पण मनात तेच असणार. तुझ्याकडची ऑसेलॅरिस जातीची जोडी निसर्गात बबल टिपमध्ये राहत नाही. टाकीत कधी राहते, कधी ढुंकूनही बघत नाही. दोन्हीला तयार राहा. आणि राहायला गेलीच, तर सुरुवातीला ते मासे त्याला इतके घासतात, ढोसतात की नवखा ॲनिमोन उघडतच नाही. तसं झालं तर मधे जाळी टाकून काही दिवस माशांना वेगळं ठेव. ॲनिमोनवाचून त्या माशांचं टाकीत काहीही अडत नाही. तेव्हा ॲनिमोन पाळायचा तो ॲनिमोनसाठीच.

आता एक मोठी गोष्ट. सर जॉन डॅलिएल नावाच्या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने 1828 साली किनाऱ्यावरून एक ॲनिमोन उचलून काचेच्या भांड्यात ठेवला. डॅलिएल 1851 मध्ये वारले. ॲनिमोन एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला, एडिंबरामध्ये त्याला सगळे ‘ग्रॅनी’ म्हणू लागले आणि तो 1887 पर्यंत जगला. जात वेगळी होती, तरी गोष्ट ध्यानात घे. हा प्राणी म्हातारपणाने सहसा मरत नाही, सांभाळणाऱ्याच्या उतावळेपणाने किंवा कंटाळ्याने मरतो. त्यातून बबल टिप जोमात असला की मधोमध चिरत जाऊन एकाचे दोन होतो. तेव्हा ज्याची टाकी वर्षभर तरी जुनी आहे अशालाच दुसरा दे. दाराशी मागायला आलेल्या पहिल्या मित्राला नको.

पुढच्या वर्षी तुझी बारावी, मग हॉस्टेल. तू गेल्यावर रोजचं गोडं पाणी कोण भरणार, पंपाची जाळी कोण धुणार, वीज गेली तर कोण उठणार, हे आजच दादाबरोबर बसून ठरव आणि कागदावर लिहून टाकीशेजारी लाव. दादा ‘बघू नंतर’ म्हणाला तर मला फोन कर. त्याला कसं राजी करायचं ते मला चांगलं ठाऊक आहे.

तुझी,
आत्या