उत्तर द्यावे की तक्रार करावी?

गेल्या वर्षावासात आमच्या विहारातील रविवारच्या अभ्यासवर्गात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथाचे वाचन चालू असताना पॉलिटेक्निकचे चार विद्यार्थी उशिरा आले. एकाच्या हातात मोबाइल होता व चौघांचेही चेहरे तापलेले होते. त्यांच्याच वर्गातील एका मुलाने सर्वांना वाचता येईल अशा रीतीने लिहिले होते की, बाबासाहेबांनी संविधान लिहिले असे म्हणतात, परंतु ते इतर देशांच्या घटनांवरून उतरवून घेतलेले आहे आणि तेवढ्यालाही तीन वर्षे लागली. “काका, ठाण्यात तक्रार द्यायची आहे. अर्ज तुम्ही लिहून द्या,” असे त्यांचे म्हणणे.

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाकडे वस्तीतील लोक अर्ज लिहून घ्यायला येतातच. आम्ही आजवर रेशन कार्डापासून घरकुलापर्यंत शेकडो अर्ज लिहून दिले असतील. त्या दिवशी मात्र दिला नाही. का दिला नाही, हे त्या वेळी आम्हाला नीट सांगता आले नाही, आणि वर्गातील काही ज्येष्ठ उपासकांनाही आमचे वागणे रुचले नाही. जे तेव्हा तोंडी सांगता आले नाही ते ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने लिहीत आहोत. आमचे चुकत असेल तर अभ्यासकांनी अवश्य दाखवून द्यावे.

भाषणस्वातंत्र्य हा शब्द आपण संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदात वाचतो. परंतु नुसते बोलायला मोकळीक असून भागत नाही. बोललेले चार लोकांपर्यंत पोहोचवायला साधन लागते, आणि ते साधन बहुधा दुसऱ्याच्या मालकीचे असते. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले तेव्हा त्याची जाहिरात ‘केसरी’ने पैसे देऊ केले असतानाही छापली नाही. सरकारने अडविले नव्हते, कायदा आड आला नव्हता. छापखाना ज्याचा, शब्द त्याचा, एवढाच मामला होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली म्हणून ते पत्र उभे राहिले. बाबासाहेब त्या वेळी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असल्याने संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर ह्यांचे नाव होते. तरीही १९२३ मध्ये पत्र बंद पडलेच. पुढे १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाले तेव्हा अंकातील रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहून भरावे लागत. ह्या स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा करीत उन्हातान्हात फिरलेल्या कार्यकर्त्यांना ह्याचा अर्थ अधिक सांगण्याची गरज नाही.

ह्याहून मोठा धडा आहे तो हस्तलिखितांचा, आणि त्यात आपल्या नागपूरचा मोठा वाटा आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांचे कितीतरी लिखाण टंकलिखित स्वरूपात, अप्रकाशित होते. ते कागद कायदेशीर ताब्यात, पेट्यांमध्ये बंद होऊन पडले. ज्या महापुरुषाने संविधानात भाषणस्वातंत्र्य लिहिले त्याचेच शब्द वर्षानुवर्षे कुलुपात राहिले. नागपूरचे वकील जे. बी. बनसोड ह्यांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अर्ज केला. त्यांची मागणी साधी होती: शासनाने हे लिखाण प्रसिद्ध करावे, नाहीतर आम्हाला करू द्यावे. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे इंग्रजी लेखन व भाषणे खंडरूपाने काढण्यास १९७९ मध्ये सुरुवात केली. ह्या खंडांचे संपादन नागपूरच्याच एका वस्तीत वाढलेल्या वसंत मून ह्यांनी केले. पेट्यांतील सुटे कागद, वेगवेगळ्या फायली, एकाच प्रकरणाच्या दोन-दोन प्रती हे सर्व लावून घेण्याचे काम किती चिकाटीचे आहे हे जुन्या खतावण्या जुळविणाऱ्या माणसाला कळेल.

१९८७ मध्ये चौथा खंड निघाला. त्यात ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हा ग्रंथ होता. राम व कृष्ण ह्यांच्यासंबंधीच्या परिशिष्टावरून वादळ उठले. भावना दुखावल्या, परिशिष्ट काढून टाका, अशी मागणी घेऊन १९८८ च्या आरंभी मुंबईत शिवसेनेने मोर्चा काढला. त्यास उत्तर म्हणून आंबेडकरी जनतेचाही विराट मोर्चा निघाला आणि एरवी एका व्यासपीठावर न बसणारे आपले गट त्या वेळी एकत्र आले. आपले म्हणणे काय होते? आपण म्हणालो की हा विद्वानाचा विचार आहे, पुराव्यानिशी लिहिलेला आहे. न पटल्यास त्याचे खंडन करा, परंतु शब्द कापू नका. अखेर परिशिष्ट राहिले व त्याखाली शासन ह्या मतांशी सहमत नाही अशी टीप आली. टीप आपल्याला खुपली, तरी शब्द वाचला.

येथे आपल्याला स्वतःकडेही पाहावे लागते, आणि हा भाग लिहिताना आमचा हात थोडा अडखळतो.

अकरावीच्या राज्यशास्त्राच्या एका केंद्रीय पाठ्यपुस्तकात व्यंगचित्रकार शंकर ह्यांचे १९४९ सालचे एक चित्र होते. संविधान ही गोगलगाय, तिच्यावर हातात चाबूक घेऊन बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक उगारलेले पंडित नेहरू. ११ मे २०१२ रोजी त्यावरून संसदेत गदारोळ झाला, मंत्र्यांनी माफी मागितली व चित्र काढण्याचे जाहीर केले. त्या पुस्तकाचे सल्लागार प्रा. सुहास पळशीकर व योगेंद्र यादव ह्यांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. हे करणारे आपल्यातीलच काही तरुण होते. नेहरूंच्या हातातील चाबूक पाहून आपल्या माणसाच्या मनात काय काय जागे होते हे आम्हाला कोणी शिकवायला नको. ते चित्र आम्हालाही आवडले नव्हते. परंतु १९८८ मध्ये जे माप आपण दुसऱ्यांपुढे धरले तेच माप २०१२ मध्ये आपल्यापुढे आले तेव्हा आपण ते बाजूला सारले, असे आमचे प्रामाणिक मत आहे. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीची होळी झाली. तो जाहीर निषेध होता. तो ग्रंथ मात्र आजही पुस्तकांच्या दुकानात मिळतो, आणि तो वाचूनच आपले विद्यार्थी त्याच्याविरुद्ध बोलतात.

त्या चित्रात विलंबाचा जो आक्षेप होता, त्याला बाबासाहेबांनी स्वतः उत्तर दिलेले आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणाची अखेर सर्वांना ठाऊक असते, परंतु आरंभ फार थोडे वाचतात. आरंभी त्यांनी हिशेबच मांडला आहे. ९ डिसेंबर १९४६ ला समिती प्रथम बसली. तेव्हापासून २ वर्षे, ११ महिने व १७ दिवस लागले. अमेरिकेची घटना चार महिन्यांत झाली हे खरे, पण कॅनडाला २ वर्षे ५ महिने लागले व ऑस्ट्रेलियाला ९ वर्षे. आपल्या घटनेत ३९५ कलमे, अमेरिकेच्या घटनेत ७, कॅनडाच्या १४७, ऑस्ट्रेलियाच्या १२८, दक्षिण आफ्रिकेच्या १५३. त्या देशांच्या घटनाकारांना दुरुस्त्यांचा सामना करावा लागला नाही. येथे मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या आणि प्रत्यक्ष २,४७३ मांडल्या गेल्या. नझीरुद्दीन अहमद नावाच्या सभासदाने तर मसुदा समितीला, म्हणजे ‘ड्राफ्टिंग कमिटी’ला, भरकटणारी समिती अशा अर्थाने ‘ड्रिफ्टिंग कमिटी’ म्हणून हिणवले होते. बाबासाहेबांनी ते नाव सभागृहात स्वतःच्या तोंडाने घेतले, त्याची मजेने दखल घेतली व पुढे गेले.

आणि उसनवारीचा आक्षेप? तो मुलगा काही नवीन बोलला नव्हता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडतानाच बाबासाहेबांनी तो स्वतःहून घेतला. घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाचाही मालकी हक्क नसतो, त्या घेण्यात लाज वाटण्याचे कारण नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. १९३५ च्या कायद्यातून पुष्कळ घेतले हेही मान्य केले. उलट, तेथून जे घेतले ते मुख्यतः कारभाराच्या तपशिलाचे आहे ह्याचीच त्यांना खंत होती. ज्या आक्षेपाला बाबासाहेबांनी सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी तोंडावर उत्तर दिले, त्याच आक्षेपासाठी त्यांच्या अनुयायांनी ठाणेदाराकडे जावे काय?

आता कायद्याविषयी थोडे, कारण विद्यार्थ्यांचा घोटाळा येथेच होतो. तक्रार करूच नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ सालचा आहे. त्यात २०१५ साली जी दुरुस्ती झाली व २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, तिच्यामुळे अनुसूचित जाती-जमातीचे लोक ज्या दिवंगत व्यक्तीला आदराने मानतात तिचा शब्दांनी वा इतर मार्गाने अनादर करणे हाही अपराध ठरला. कोणी जातीवरून शिवी दिली, पुतळ्याची विटंबना केली, वस्तीवर चालून जा म्हणून चिथावले, तर अर्ज आम्ही स्वतः लिहून देऊ व ठाण्यातही सोबत येऊ. परंतु अनादर वेगळा व आक्षेप वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल खटल्यात हा फरक फार चांगला सांगितला आहे. एखाद्या विषयाची चर्चा करणे, एखाद्या मताचा पुरस्कार करणे आणि चिथावणी देणे ह्या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना संरक्षण आहे, कायद्याचा हात तिसरीला लागतो. त्या निकालाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम रद्द झाले. आपल्याच राज्यात पालघर येथे नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे ह्यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी दोन ओळी लिहिणारी एक तरुणी व तिला पसंती देणारी दुसरी, अशा दोघींना त्या कलमाखाली अटक झाली होती. ह्यावरून अशी कलमे कोणावर चालतात ते समजावे.

ती बहुधा दुबळ्यावरच चालतात. खैरलांजी आपल्यापासून काही दूर नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली आणि कित्येक आठवडे मोठ्या वृत्तपत्रांत ती घटना तिच्या खऱ्या स्वरूपात आली नाही. कार्यकर्त्यांनी गावात जाऊन केलेले अहवाल, छायाचित्रे, संगणकावरून व मोबाइलवरून हातोहात गेलेले निरोप ह्यांमुळे ती बाहेर पडली व नोव्हेंबरात नागपूरच्या वस्त्या रस्त्यावर आल्या. त्या वेळी कोणी भावना दुखावतात, शांतता भंग होते असे म्हणून ते निरोप थांबविले असते तर? शब्द थांबविण्याचे हत्यार आपण आज दुसऱ्याच्या हाती घासून दिले, तर त्याचा पहिला वार कोणावर होईल हे सांगायला ज्योतिषी नको.

मोबाइल हातात आला म्हणजे छापखाना आपला झाला असे मात्र विद्यार्थ्यांनी समजू नये. ज्या यंत्रावर आपण लिहितो ते परदेशी कंपन्यांचे आहे. उद्या त्यांनी आपले लिखाण पुसले तर दाद कोठे मागावी हे पटकन कळत नाही. म्हणून महत्त्वाचे ते कागदावर छापून विहाराच्या कपाटात ठेवावे. दुसरे असे की, बाबासाहेबांच्या नावाने रोज फिरणारी कितीतरी वाक्ये त्यांच्या कोणत्याच खंडात आम्हाला सापडलेली नाहीत. बँकेत धनादेशावरील सही नमुना सहीशी जुळवून पाहिल्याशिवाय पैसे देत नाहीत. आपल्या लोकांनी निदान तेवढी खबरदारी बाबासाहेबांच्या शब्दाविषयी घ्यावी.

त्या चौघांपैकी तिघे पुढच्या रविवारी परत आले. विहाराच्या कपाटातून इंग्रजी तेरावा खंड काढला. त्यात ही दोन्ही भाषणे आहेत. शब्दकोश घेऊन दोन रविवार बसले आणि कलमांच्या व दुरुस्त्यांच्या आकड्यांसह तीसएक ओळींचे उत्तर तयार केले. आम्ही त्यातील फक्त दोन शिव्या खोडल्या. उत्तर वाचून त्या मुलाने माफी वगैरे मागितली नाही. हे आकडे कोठे आहेत, मला दाखवा, एवढेच लिहिले. तेव्हा तो खंडच त्याला द्यावा असे पोरांनी ठरविले. सभासद नसलेल्याला पुस्तक देता येत नाही अशी आपल्या कार्यकारिणीत हरकत निघाली, म्हणून आमच्या नावावर नोंद करून तो दिला. अजून परत आलेला नाही.

चौथा मुलगा मात्र त्या दिवसापासून वर्गाला आलेला नाही. आम्ही दोनदा त्याच्या घरी जाऊन आलो. तो भेटला नाही. त्याचे वडील भेटले. “तुम्ही मोठी माणसं पोरांना गप्प बसायला शिकवता,” असे ते म्हणाले. आम्ही त्यांना वरील सर्व सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, चहा दिला, आणि पुढच्या रविवारी मी स्वतः येतो व सर्वांसमोर तुम्हाला विचारतो, असे म्हणाले.