सँडर घेताना धुळीचे तोंड आधी पाहा

बोरिवलीहून एका सेवानिवृत्त वाचकांचे पत्र आले आहे. नोकरीच्या धबडग्यात मागे पडलेला सुतारकामाचा छंद त्यांनी आता पुन्हा धरला आहे. पाट, देव्हारा, नातवंडांसाठी छोटी खुर्ची असे काहीबाही ते घरीच करतात. काचकागदाने घासून खांदे भरून येतात, म्हणून टेबलावर बसवायचा विजेचा सँडर घेण्याचा त्यांचा विचार आहे. "अनेक कामांना चालेल असा एकच कोणता घ्यावा? मला जुना दमा आहे, म्हणून दुकानदाराआधी आपल्याला विचारतो," असे ते लिहितात.

आरोग्याच्या सदरात हा प्रश्न काहींना विचित्र वाटेल. मला तो अगदी योग्य जागी आला असे वाटते.

आधी यंत्राविषयी. टेबलावरचे सँडर मुख्यतः तीन तऱ्हेचे मिळतात. पहिल्यात पट्टा आणि चकती एकाच मोटरवर असतात. सर्वसाधारणपणे पट्टा ४ इंच रुंद आणि चकती ६ इंचांची असते. पट्टा आडवा ठेवला की लहान फळीचा सपाट भाग घासता येतो, उभा केला की कडा. चकतीसमोर छोटा मंच असतो, त्यावर तुकडा टेकवून काटकोन साधता येतो, बाहेरची गोलाईही काढता येते. दुसरा प्रकार इंचभर रुंदीच्या पट्ट्याचा. तो खेळणी, चमचे अशा बारीक कामाला बरा. तिसऱ्यात उभा दांडा फिरता फिरता वरखाली होतो आणि आतल्या बाजूची गोलाई घासतो. एकच घ्यायचा असेल तर पहिला घ्यावा. मात्र मोठ्या टेबलाची फळी यांपैकी कशावरही नीट होत नाही, त्यासाठी हातात धरायचा सँडर लागतो.

दुकानात सगळी चर्चा मोटर किती वॅटची आणि पट्टा किती वेगाने फिरतो यावर होते. माझे म्हणणे असे की यंत्राला मागून पाहावे. धूळ बाहेर काढण्याचे तोंड आहे का? पट्टा आणि चकती दोघांना वेगवेगळे आहे का, की एकालाच आहे? व्हॅक्यूम क्लीनरची नळी त्यात घट्ट बसते का? तोंडांची मापे सारखी नसतात, म्हणून जोडणीचा तुकडा तिथेच बसवून पाहावा. यंत्राबरोबर मिळणाऱ्या कापडी पिशवीवर विसंबू नये. ती जाड भुसा धरते आणि घातक तेवढे सोडून देते.

घातक का, तर आकारामुळे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनहून बारीक कण नाकाची चाळणी ओलांडून श्वासनलिकेत उतरतात आणि त्यांतले सर्वांत बारीक थेट वायुकोशांपर्यंत जातात. रंध्याने निघालेली ढलपी जड असते, ती जमिनीवर पडते. करवतीचा भुसाही बराचसा खाली बसतो. सँडरची धूळ मात्र हवेत तासन् तास तरंगते. ८० नंबरचा कागद सोडून २२० नंबरचा लावला की लाकूड गुळगुळीत होते आणि धूळ आणखी बारीक. काम संपले, मास्क काढला, चहा घेतला, तरी खोलीतली हवा अजून कामाचीच असते.

इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचे खुर्च्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. तिथल्या फर्निचर कामगारांत नाकाच्या आतल्या पोकळीचा एरवी फार दुर्मिळ असलेला कर्करोग जास्त आढळतो, हे १९६० च्या दशकात तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या लक्षात आले. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. हे वाचून रविवारी दोन तास काम करणाऱ्याने घाबरून जाऊ नये. ते कामगार वर्षानुवर्षे, दिवसभर त्या धुळीत होते. घरच्या कारागिराला खरी भीती आहे ती दम्याची, वाहत्या नाकाची आणि त्वचेच्या खाजेची. त्यांना वर्षे लागत नाहीत. सागवान आणि शिसवी यांतील काही द्रव्यांनी त्वचेवर पुरळ उठतो. एमडीएफची धूळ तर फारच बारीक, आणि तिच्यात फॉर्मल्डिहाइडयुक्त डिंक असतो.

मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात एका पावसाळ्यात चार वर्षांच्या मुलीला रात्रीच्या खोकल्यासाठी आणले होते. औषधाने अर्धा फरक पडे, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. घरात नवीन काय आले, असे विचारल्यावर कळले की आजोबांनी बंद केलेल्या बाल्कनीत सँडर बसवला आहे आणि एमडीएफचे कपाट चालू आहे. पावसामुळे काचा लावलेल्या. "अहो डॉक्टर, धूळ मी रोज झाडून घेते ना," आजी म्हणाल्या. "आजी, ते झाडणेच थांबवायला हवे," मी म्हणालो. कोरड्या केरसुणीने खाली बसलेली धूळ पुन्हा उठते, आणि ती झाडणारीच्या आणि जवळ खेळणाऱ्या मुलांच्या छातीत जाते. आजोबांनी मास्क लावला होता, पण घरात बाकी कोणी नाही. पुढे त्यांनी यंत्राला नळी जोडली, फरशी ओल्या फडक्याने पुसू लागले आणि कामाचे कपडे बाहेर ठेवू लागले. मुलगी सुधारली. औषधही चालू होते, त्यामुळे सगळे श्रेय मी नळीला देणार नाही.

आता पत्रलेखकांना थेट उत्तर. दमा असला तरी छंद सोडण्याची गरज नाही, पण आपल्या डॉक्टरांशी बोलून आणि दमा आटोक्यात असतानाच सुरुवात करावी. धूळ जिथे उत्पन्न होते तिथेच ओढून घेणे हा पहिला उपाय. त्यासाठी हेपा गाळणी असलेला व्हॅक्यूम घ्यावा. साधा घरगुती व्हॅक्यूम बारीक धूळ मागून पुन्हा खोलीतच सोडतो. एक्झॉस्ट पंखा बाहेर फेकणारा हवा, मात्र खाली शेजाऱ्यांचे कपडे वाळत नाहीत ना, हेही पाहावे. त्यानंतर एन-९५ मास्क, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. दाढी असेल तर कडेने गळतो. तोंडाला बांधलेल्या रुमालाचा काही उपयोग नाही. आणि शक्य तिथे सँडरऐवजी धारदार पोलादी पातीने लाकूड खरवडावे. जुने मिस्त्री काचेच्या तुकड्याने खरवडत, त्यातही ढलपी निघते, धूळ फारशी नाही.

जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारातून जुने फर्निचर आणून ते घासून नवे करण्याची हौस उपनगरांत पुष्कळांना आहे. जुनी पॉलिशची वस्तू एकवेळ चालेल, पण जुन्या तेलरंगाचे दार, खिडकी वा पाळणा सँडरवर धरू नका. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षात ९० भाग ही मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीच्या रंगांत पुष्कळदा याहून कितीतरी अधिक शिसे असे. ती धूळ पोटात गेली तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि गेलेले भरून येत नाही. असा रंग काढायचाच असेल तर पाण्याने ओला करून हाताने, मुलांना घराबाहेर ठेवून.

छिन्नीला धार लावायला हाच सँडर वापरण्याचा मोह होतो. लोखंडाच्या ठिणग्या भुशाने भरलेल्या नळीत गेल्या तर आत धुमसते आणि आग काही वेळाने दिसते. त्या कामासाठी सहाणेचा दगड ठेवावा.

चकतीचा जो अर्धा भाग खाली येतो त्याच बाजूला तुकडा टेकवावा, वर जाणाऱ्या बाजूने तो उडतो. हातमोजे, सैल बाही, उपरणे नको. कानांत बोळे हवेत, कारण या यंत्रांचा आवाज बहुधा ८५ डेसिबलच्या पुढे जातो. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे, म्हणजे इमारतीत वेळ ठरवूनच काम करावे लागेल.

लाकडाच्या धुळीचा दमा कामाच्या वेळीच उठतो असे नाही. पुष्कळदा तो काही तासांनी, रात्री झोपेत उठतो, आणि मग दोष रात्रीच्या दह्याला दिला जातो. म्हणून एका वहीत काम केलेले दिवस, लाकडाचा प्रकार आणि खोकल्याच्या रात्री लिहून ठेवा. आठवडाभर यंत्र बंद ठेवून त्या रात्री कशा गेल्या तेही लिहा, आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.