आमच्या घरचा नॅस आणि जागेचा हिशोब

माझे शिक्षण कॉन्व्हेंटचे, त्यामुळे मराठीची चूकभूल द्यावी घ्यावी. विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या कामाचा आहे. हार्ड डिस्क भरली की आपण काय करतो? मोठी आणतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मीही तेच करायला निघाले होते.

जालन्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत पप्पांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे सगळे फोटो-व्हिडिओ 'नॅस'वर असतात. नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला, डिस्क बसवायचा छोटा डबा. त्यातल्या फाइली घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून उघडतात. आमच्या डब्यात ४ टीबीच्या दोन डिस्क होत्या, मिरर पद्धतीने. जे एकीवर लिहिले जाते तेच दुसरीवर. म्हणजे पैसे ८ टीबीचे आणि जागा ४ ची. तीही पूर्ण नाहीच! कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून स्क्रीनवर सुमारे ३.६ दिसते. डबा काठोकाठ भरला तर काम रेंगाळते, म्हणून पाचवा हिस्सा मी मोकळा धरते. हातात उरले २.९.

आता खर्चाची बाजू. एका लग्नाचे दोन हजार रॉ फोटो, प्रत्येकी २५ एमबी, झाले ५० जीबी. व्हिडिओ ५० मेगाबिट प्रति सेकंदाचा, म्हणजे तासाला सुमारे २२ जीबी. चार तासांचे धरा ९०. एकूण १४०. वर्षाला वीस लग्नं म्हणजे २.८ टीबी. एका वर्षात डबा गच्च. ८ टीबीच्या दोन डिस्क आणल्या तरी याच चालीने दोनच वर्षे.

इथे मला घाणेवाडीचा तलाव आठवला. निजामाच्या काळातला, जालन्याला पाणी देणारा. त्यात गाळ साचत गेला तसे पाणी मावेना; मग लोकांनीच पुढे होऊन गाळ उपसला आणि शेतकऱ्यांनी तो शेतात नेला. आमच्या डब्यातही गाळच जास्त होता. अल्बम देऊन झाल्यावर न निवडलेले फुटेज कोणी बघत नाही. ते काढले तर एका लग्नाचे ४० जीबी उरतात, वर्षाचे ०.८ टीबी. मग ८ टीबीच्या जोडीत चालू वर्ष आणि मागची तीन वर्षे आरामात मावतात. पप्पांना "डिलीट" हा शब्द आवडत नाही, पण आकडे बघून तयार झाले.

मिररमध्ये डिस्क बदलायची रीत सोपी आहे. एक जुनी काढा, तिच्या जागी नवी लावा, कॉपी होऊ द्या; मग दुसरी. दोन्ही बदलेपर्यंत जागा लहान डिस्कएवढीच राहते. विकत घेताना 'सीएमआर' डिस्क आहे का ते विचारा. 'एसएमआर' डिस्कवर ही कॉपी फार रखडते, आणि घरगुती नॅससाठी विकलेल्या आपल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत हे वेस्टर्न डिजिटलने २०२० साली मान्य केले होते.

रात्री दहाला सुरुवात केली. सेकंदाला १२० एमबी धरले तरी ४ टीबीला नऊ तासांवर वेळ लागतो, आणि तेवढा वेळ सगळा डेटा एकाच जुन्या डिस्कवर असतो. मला धाकधूक होती. पप्पा म्हणाले, "डबल कॉपी आहे ना, मग कशाला घाबरायलीस?" लाईट जाईल म्हणून यूपीएस लावला होता. लाईट गेली नाही. सकाळी बघते तर रीड एरर! कॉपी करताना डिस्कचा प्रत्येक कोपरा वाचला जातो, आणि महिनोन्महिने न उघडलेल्या जागी खराब सेक्टर निघाले. नेमके मे महिन्यातल्या एका लग्नाचे फोल्डर. त्याचे एडिटिंग बाकी होते आणि नवरीचे आजोबा मधल्या काळात वारले होते. पप्पा काही बोलले नाहीत, नुसते खुर्चीवर बसून राहिले.

रात्री काढलेली डिस्क मामाला हवी होती, आणि ती फॉरमॅट करून द्यायची म्हणून मी टेबलावर काढूनच ठेवली होती. धड चालणाऱ्या मिररमधून काढलेली डिस्क ही स्वतःच एक पूर्ण कॉपी असते, हे मला तेव्हा सुचले. यूएसबी डॉकला लावून लिनक्सवर 'रीड-ओन्ली' उघडली. फोल्डर होते, व्हिडिओ चालला, आजोबा अक्षता टाकताना दिसले. मग दोन्ही नव्या डिस्कचा नवा मिरर केला आणि सगळा डेटा त्या डिस्कवरून उतरवला. पूर्ण दिवस गेला.

माझी चूक अशी की आधी 'स्क्रब' चालवला नव्हता. स्क्रब म्हणजे दोन्ही डिस्क पूर्ण वाचून तपासणे. तो नॅसच्या मेनूतच असतो. चालवला असता तर खराब डिस्क आधीच कळली असती आणि मी तीच पहिली काढली असती. दुसरे, मिररला आम्ही बॅकअप समजत होतो. चुकून फाइल उडवली तर मिरर ती दोन्हीकडून इमानदारीने उडवतो!

आता दर महिन्याला स्क्रब होतो, आणि देऊन न झालेली लग्नं त्या जुन्या डिस्कवर वेगळी उतरवतो. ती डिस्क आईच्या कपाटात साड्यांखाली असते. मामा अजून विचारतो.