कुमारवयातील मनोविकार आणि सत्त्वावजय : नित्य चिकित्साव्यवहारातील विचार

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वयाचे विभाग करताना सोळा वर्षांपर्यंतचे वय अपरिपक्व धातूंचे व त्यापुढील तीस वर्षांपर्यंतचे वय धातुगुण वाढत जाण्याचे मानले आहे. या दुसऱ्या विभागाला त्यांनी एक विशेषण जोडले आहे. या वयात सत्त्व बहुधा अनवस्थित असते. शरीर वाढते, बल येते, पण मन अजून ठरलेले नसते. मेंदूचा संयमाशी व निर्णयाशी निगडित असलेला पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत परिपक्व होत राहतो, असे आजचे विज्ञान सांगते. दोन्हींचा मेळ बसतो म्हणून हुरळून जाण्याचे कारण नाही. मात्र 'एवढा मोठा झाला तरी अक्कल नाही' असे मुलासमोरच म्हणणाऱ्या पालकांना थांबविण्यास ही माहिती फार उपयोगी पडते.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील आपल्यासारख्या वैद्यांकडे या वयाचे रुग्ण मनाची तक्रार घेऊन येत नाहीत. डोके जड होणे, पोटात गोळा येणे, छातीत धडधडणे, केस गळणे, भूक मंदावणे, पाळी अनियमित होणे अशी लक्षणे ते सांगतात. किंबहुना त्यांची आई सांगते. त्यांची गर्दीही वर्षभर सारखी नसते. कोल्हापूर विभागीय मंडळाच्या कक्षेत आपले दोन्ही जिल्हे येतात. त्या मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षांचे फेब्रुवारी-मार्च हे महिने, निकालाचे दिवस, आणि वसतिगृहात नव्याने राहावयास गेलेल्या मुलांचे पहिले दोन महिने, हा आपला हंगाम. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर कृष्णाकाठच्या आणि जुलै २०२१ च्या दरडींनंतर पाटण तालुक्यातील गावांत आणखी एका कारणाची भर पडली. पावसाचा जोर वाढला की झोप उडणारी मुले तिथे आढळतात. त्यांच्या आम्लपित्ताची चिकित्सा करीत बसण्यापूर्वी त्या रात्री ते कुठे होते, एवढे तरी विचारावे.

रुग्णपरीक्षणासाठी नवी प्रश्नावली शोधण्याची आवश्यकता नाही. निदानस्थानाच्या सातव्या अध्यायात उन्मादाचे वर्णन करताना मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम सांगितला आहे. ही यादी केवळ उन्मादापुरती न ठेवता कुमारवयीन रुग्णासाठी चौकटीसारखी वापरता येते. विशेषतः भक्ती आणि शील यांकडे लक्ष द्यावे. भक्ती म्हणजे आवड. कबड्डीचा वेडा असलेला मुलगा दोन महिने मैदानावर गेला नाही, रांगोळी सोडल्याशिवाय सण न करणारी मुलगी दिवाळीत खोलीबाहेर आली नाही, हा भक्तिविभ्रम होय. शांत मुलगा अकारण चिडका होणे हा शीलातील बदल. आई-वडील सांगतात ते मोबाईल, उलट उत्तरे आणि कमी झालेले गुण; तो बहुतांशी आचाराचा भाग असतो. आवड कधी संपली, हे मात्र विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. बदल दोन आठवड्यांहून अधिक टिकला असेल आणि झोप, आहार व अभ्यास या तिन्हींवर उतरला असेल, तर त्यास 'वयाचा भाग' म्हणून सोडू नये. त्याच वेळी पांडु व थायरॉईडचे विकार तपासून घ्यावेत. थकलेल्या, उदास मुलीचे हिमोग्लोबिन न पाहता तिला समुपदेशन करणे हे शास्त्राला धरून नाही.

आता एका वर्गाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण तो प्रामुख्याने वैद्याकडेच येतो. सोळा ते वीस वयाचा मुलगा, बहुधा एकटा किंवा मित्राबरोबर, दुपारी गर्दी नसताना येतो. अशक्तपणा, कंबरदुखी, गालफडे बसणे, अभ्यासात लक्ष न लागणे अशी लक्षणे सांगतो आणि उठता उठता 'धातू जातो' म्हणतो. या भयग्रस्त अवस्थेस १९६० साली मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी 'धात सिंड्रोम' हे नाव दिले. स्वप्नदोष अथवा हस्तमैथुन यांमुळे या मुलाचे शरीर क्षीण झालेले नसते. त्याला क्षीण करते ते भय आणि अपराधभाव. एस. टी. स्थानकाच्या मुतारीतील जाहिराती या भयावरच जगतात. अशा जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय अधिनियमाने बंदी आहे, तरी त्या दिसतातच.

येथे आपली जबाबदारी इतर पद्धतींच्या डॉक्टरांपेक्षा अधिक आहे, कारण शुक्रक्षयाची भाषा आपल्या शास्त्राची आहे आणि मुलगा तीच ऐकण्यास आलेला असतो. त्याला तपासून काहीही न सापडता वृष्य योग लिहून दिला, तर औषधाच्या किमतीपेक्षा मोठे नुकसान होते. वैद्यानेही औषध दिले म्हणजे आपल्याला रोग आहेच, असा त्याचा निश्चय होतो. पुढे लग्न ठरेपर्यंत तो दहा ठिकाणी फिरतो. माझ्या मते अशा मुलास वृष्य द्रव्य देणे हेच निदान चुकल्याचे लक्षण समजावे. मूत्रदाह, स्राव, मधुमेह यांची तपासणी करून घ्यावी. काही नसल्यास स्पष्ट, शास्त्रीय आणि लाज न वाटेल अशा शब्दांत शरीरक्रिया समजावून सांगावी. 'काही नाही, जा' असे म्हणू नये. त्याचे भय खरे आहे, कारण खोटे आहे. हे दोन्ही त्याला ऐकू आले पाहिजे. बहुतेकांना दोन-तीन बैठका पुरतात.

सत्त्वावजय म्हणजे अहितकर अर्थांपासून मनाला परावृत्त करणे, अशी व्याख्या सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात येते. मनाच्या दोषांवर ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी ही औषधे त्याच स्थानाच्या पहिल्या अध्यायात सांगितली आहेत. व्यवहारात याचा अर्थ उपदेश असा घेतला जातो, तो बरोबर नाही. उपदेश त्या मुलाने घरी, शाळेत आणि शिकवणीत भरपूर ऐकलेला असतो. चिकित्सास्थानाच्या नवव्या अध्यायात सुहृदांनी आश्वासन द्यावे असे सांगितले आहे, आणि त्याच अध्यायात उन्मादी रुग्णास बांधणे, धमकावणे, भीती घालणे हेही आहे. दोन्ही ग्रंथोक्त आहेत; म्हणून दोन्ही आजच्या मुलासाठी ग्राह्य ठरत नाहीत. पहिलेच घ्यावे.

बैठकीची पद्धत साधी ठेवावी. प्रथम पालक व मूल दोघांना एकत्र ऐकावे, नंतर मुलाशी एकट्याशी बोलावे; मुलगी असल्यास परिचारिका जवळपास असावी, पण ऐकण्याच्या अंतरावर नसावी. नाडीपरीक्षणाचा येथे एक वेगळा उपयोग होतो. त्या एक-दोन मिनिटांत कोणी बोलत नाही, मुलाला डोळ्यांत पाहावे लागत नाही, आणि बहुधा त्यानंतरच तो पहिले खरे वाक्य बोलतो. मात्र नाडीवरून मनातील गुपिते कळतात असा आव आणू नये. 'नाडी बघून सांगा, याचं कुठं प्रकरण आहे का,' असे विचारणारे वडील आपल्या सर्वांना भेटलेले आहेत. त्यांना सांगावे, की ते मुलालाच विचारावे लागेल आणि त्यासाठी तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा.

गुप्ततेची मर्यादा सुरुवातीसच सांगावी. तुझे बोलणे माझ्याजवळ राहील. पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुझ्यावर अत्याचार करीत असेल, तर मला इतरांना सांगावे लागेल. हे केवळ नीतीचे नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालील बालकावरील लैंगिक अपराधाची माहिती पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. पालकांनी 'गावात बोभाटा होईल' म्हणून हात जोडले तरी त्यातून सुटका नाही.

जिवाच्या धोक्याविषयी थेट विचारावे. 'मरून जावे असे वाटते का? कसे, काही ठरविले आहे का?' विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत निराधार आहे. उलट मूल मोकळे होते. उत्तर होकारार्थी असेल तर त्यास एकटे सोडू नये आणि पालकांना त्याच वेळी आत बोलवावे. तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस या द्राक्षपट्ट्यात तर आणखी एक प्रश्न न चुकता विचारावा: फवारणीची औषधे घरात कुठे असतात? पुष्कळ घरांत ती पडवीत, धान्याच्या पोत्याशेजारी असतात. तरुणांची अशी ऊर्मी पुष्कळदा काही तासांत ओसरते. त्या तासांत साधन हाताशी नसणे हीच चिकित्सा होते. औषधे कुलपात, शक्यतो घराबाहेर आणि किल्ली वडीलधाऱ्यांकडे, हे पथ्यापथ्याच्या कागदावर लिहूनच द्यावे. पोलिसांच्या भीतीने प्रयत्न लपविणाऱ्या कुटुंबास सांगावे, की मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ च्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम ३०९ सारखे शिक्षेचे कलम राहिलेले नाही.

औषधांविषयी थोडक्यात. मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची, शंखपुष्पी ही चरकोक्त मेध्य रसायने प्रकृती व अग्नी पाहून जरूर वापरावीत. रात्री अकरानंतर हातात मोबाईल असेल तर त्यांच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. निद्रा हा उपस्तंभ आहे, तो आधी सावरावा. निद्रानाशासाठी सर्पगंधायुक्त कल्प सरसकट देण्याची सवय मात्र सोडली पाहिजे. सर्पगंधेतील रिसर्पिनने नैराश्य आल्याच्या नोंदी १९५० च्या दशकापासून उपलब्ध आहेत. उदास मुलास ती देऊ नये. मनोविकारतज्ज्ञांची औषधे चालू असल्यास ती आपल्या सल्ल्याने एकाएकी बंद होऊ नयेत. 'शिरोधारा करून टाका, बाकी तो ठीक आहे' असा पालकांचा आग्रह असतो. शिरोधारेने विश्रांती मिळते, पण घरातील रोजची तुलना तिने थांबत नाही.

अंगात येणे, झपाटणे अशा कारणांनी आणलेल्या मुलींबाबत निदानस्थानातील विवेचन पुन्हा वाचावे. देव, गंधर्व, पिशाच यांना दोष देऊ नये, दुःखाचे मूळ प्रज्ञापराधात आहे, असा तेथील आशय आहे. मुलीला मात्र अपराध हा शब्द ऐकवू नये. तिच्या बाबतीत बहुधा अपराध दुसऱ्या कोणाचा तरी असतो. तो शोधावा. अमानुष उपचार करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

आपला अधिकार कुठवर, हेही ठाऊक असावे. २०१७ च्या अधिनियमात मनोविज्ञान व मानसरोग या विषयात पदव्युत्तर पदवी असलेल्या वैद्यास मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हटले आहे, केवळ बी.ए.एम.एस. असलेल्यास नाही. भ्रम, भास, वारंवार आत्मघाताचे विचार, व्यसन, आहार पूर्ण बंद होणे अशा रुग्णांना विलंब न करता मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. सातारा व सांगली येथील शासकीय रुग्णालये आहेत, साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकारातून उभे राहिलेले 'परिवर्तन' व्यसनमुक्तीचे काम करते. जत किंवा माणसारख्या तालुक्यातून जिल्ह्याच्या गावी जाणे एका दिवसाची मजुरी बुडविणारे असते. तेव्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक, आणि बालकांसाठी १०९८, हे औषधाच्या पुडीवर लिहून द्यावेत. चिठ्ठी देताना 'वेड्याच्या डॉक्टरकडे' हा गैरसमज आपणच दूर करावा, आणि पाठविल्यानंतरही मूल आपलेच रुग्ण राहते असे सांगावे. पुढची भेट सात दिवसांच्या आत ठेवावी व तारीख मुलाच्याच हाती द्यावी. ठरल्या दिवशी तो आला नाही, तर संध्याकाळी आपणच फोन करावा.