चूर्ण आणि तारतम्य

अंबड-घनसावंगीच्या बाजूस जेवणानंतर पोट डब्ब झाले की हिंगाष्टक आणि शौचास साफ झाले नाही की रात्री त्रिफळा, हा परिपाठ इतका अंगवळणी पडला आहे की चूर्णाची गणना औषधात करावी असे कोणास वाटतच नाही. आणि म्हणूनच, ज्यांनी उभी हयात तहसील कचेरीच्या दप्तरात सही-शिक्क्यावाचून एकही कागद दाखल करून घेतला नाही, त्या माझ्या थोरल्या बंधूंनी आठवडी बाजारातली नाव-गाव नसलेली पुडी मात्र कित्येक महिने बिनदिक्कत सेवन केली.

प्रारंभी पोट हलके झाले. पुढे मात्रा वाढविल्याखेरीज कोठा हलेना, पायांत गोळे येऊ लागले, आणि गोळ्या चालू असूनही रक्तदाब चढाच राहिला. जालन्यास रक्त तपासले तेव्हा पोटॅशियम फार उतरलेले निघाले, आणि पुडी पाहून एका जाणत्या वैद्यांनी तीत सोनामुखी व ज्येष्ठमध असल्याचा अदमास बांधला. सोनामुखीच्या अतिसेवनाने जुलाबावाटे पोटॅशियम जाते; ज्येष्ठमध ते आणखी घटवतो, शरीरात मीठ-पाणी साठवून रक्तदाब चढवतो, आणि हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यास तर हा संयोग विशेष घातक ठरतो.

शास्त्राने आपल्याला गाफील ठेवले आहे असेही नाही. पिंपळी, क्षार आणि लवण ही तीन द्रव्ये अतिप्रमाणात घेऊ नयेत, अशी ताकीद चरकसंहितेच्या विमानस्थानात आहे. आणि हिंगाष्टकात पिंपळी व सैंधव आहेत, तर लवणभास्करात मिठाचाच भरणा आहे. रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने त्यांच्या वाटेस वैद्यांच्या सल्ल्याविना जाऊ नये. गर्भवतीने सोनामुखीपासून दूर राहावे.

पुडी घेताना घटकांची यादी, परवान्याचा क्रमांक, बॅच आणि मुदत पाहावी. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे पंचमांशांत शिसे, पारा वा सोमल आढळला होता. तेव्हा मोहोरबंद डबी आणि पावती यांचा आग्रह धरण्यात संकोच कसला? चालू असलेल्या गोळ्या वैद्यांना आणि चालू असलेले चूर्ण डॉक्टरांना दाखवावे. बंधूंचे निदान लांबले ते या दुसऱ्या गोष्टीचा उल्लेख कोणीच न केल्यामुळे. रोजचे चूर्ण रोजच लागू लागले, तर मात्रा वाढविण्याऐवजी कारणाचा तपास करावा.

काही लक्षणांपुढे मात्र चूर्णाचा विचारही वर्ज्य मानावा. काळी शौच होणे, रक्ताची उलटी, घास अडकणे, विनाकारण वजन घटणे, यांस तत्काळ डॉक्टर हवा. आणि छातीत दडपण येऊन घाम फुटला, तर ‘गॅस झाला’ म्हणून हिंग चोळीत न बसता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.