रक्तांतील लोहाची पारख

पिकाची आणेवारी बांधावरून नजरेनें ठरविली म्हणजे चूक होते. कापणी करून वजन घेतलें म्हणजे खरें कळतें. शरीराच्या पोषणाचेंही तसेंच आहे. चेहऱ्याच्या फिकेपणावरून अनुमान बांधण्यापेक्षां रक्त तपासावें.

तपासणींत प्रथम हिमोग्लोबिन पाहतात. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचें तें दर डेसिलिटरला १२ ग्रॅमहून कमी असल्यास पांडुरोग समजतात. तें सिकलसेलसारख्या विकारानेंही उतरतें, व तेथें नुसत्या लोहानें भागत नाहीं.

परंतु हिमोग्लोबिन म्हणजे कणगींतलें रोजच्या खर्चाचें धान्य होय. पेंवांतील सांठा दाखवितें तें फेरिटिन. पेंव रितें होत असतांही कणगी कांहीं काळ भरलेली दिसते, म्हणून फेरिटिन आधीं उतरतें. निरोगी प्रौढाचें तें दर लिटरला १५ मायक्रोग्रॅमखालीं गेलें, कीं लोहाचा सांठा आटला असें मानतात.

येथेंच फसगत होते. ताप अथवा सूज असतां शरीर लोह कोंडून ठेवतें व फेरिटिनचा आंकडा वाढतो. वहींत शिल्लक आणि तिजोरीस कुलूप, हा प्रकार कारकुनांस परिचित आहे. अशक्त स्त्रीचा अहवाल मात्र निर्दोष दिसतो! यास्तव सूज दाखविणारें सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन सोबत मोजावें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं अशा प्रौढांसाठीं ७० मायक्रोग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. तेव्हां हिंवतापांत आलेल्या एका अहवालावरून घरांतील स्त्रीस लोह पुरेसें आहे असा निकाल देऊं नये. ताप जाऊन कांहीं आठवडे लोटल्यावर वैद्यकीय सल्ल्यानें पुन्हां तपासणी करवावी.