मत मांडा, पण माघारीला वाट ठेवा

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी म्हणून मी काही वर्षं काम पाहिलं. त्याबरोबर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिनपदही गळ्यात पडलं. पाणी, पार्किंग, गच्चीवरची वाळवणं, गणपतीची वर्गणी, असे सगळे रोजचेच विषय. पण त्यांच्यावरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. त्यातला एक प्रसंग मुद्दाम सांगते, कारण त्यात कुणीच वाईट नव्हतं आणि तरी व्हायचं ते नुकसान झालंच.

2024 च्या पावसाळ्यात बी विंगच्या जिन्याखाली दोन-तीन भटकी कुत्री मुक्कामाला आली. चौथ्या मजल्यावर भाड्याने राहणारी एक नोकरदार मुलगी रात्री घरी परतली की त्यांना तिथेच दूधभात घालायची. दुसऱ्या मजल्यावरच्या, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या काकांनी एका सकाळी ग्रुपवर लिहिलं, "काही लोकांना कुत्र्यांचा फार पुळका आहे. त्यांनी ती आपल्या घरात न्यावीत. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे." दुपारपर्यंत त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. संध्याकाळी मुलीने प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 ची पीडीएफ टाकली. भटक्या प्राण्यांच्या खाण्याची व्यवस्था करणं ही रहिवासी संघटनेची जबाबदारी आहे, असं सांगणाऱ्या विसाव्या नियमावर पिवळी खूण केलेली होती. सोबत एकच ओळ होती, "कृपया आधी वाचा, मग बोला."

मुद्दा बिनतोड होता, पण घोडं पेंड खातं ते नेमकं तिथेच. ज्या माणसाचा जन्म नियमांच्या फायली हाताळण्यात गेला, त्याला सगळ्या सोसायटीसमोर कुणीतरी "वाचा" म्हणालं होतं. काकांचं उत्तर आलं, "भाडेकरूंनी आम्हाला नियम शिकवू नयेत." त्यानंतर कुत्री राहिली बाजूला. मालक विरुद्ध भाडेकरू, जुने विरुद्ध नवे अशा फळ्या पडल्या. एरवी लिफ्टमध्ये "काय गं, आज लवकर सुटलीस?" आणि "हो काका, मीटिंग रद्द झाली" एवढं तरी या दोघांत होतं. ग्रुपवर तीच दोघं "सदर भाडेकरू" आणि "संबंधित सदस्य" झाली.

मग मी दोघांच्या घरी वेगवेगळी जाऊन बसले. काकांकडे चहा घेताना कळलं, की काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. जिन्याखालचा दिवा गेला होता, अंधारात त्यांचा पाय झोपलेल्या कुत्र्यावर पडला आणि त्या थोडक्यात बचावल्या. काकांच्या मेसेजमध्ये यातलं एक अक्षरही नव्हतं. मुलीने त्या कुत्र्यांना स्वखर्चाने रेबीजची लस टोचून घेतली होती, तेही ग्रुपवर कुणाला ठाऊक नव्हतं. आणि तो विसावा नियम पुढे वाचला, तर खाण्याची जागा जिना, येण्याजाण्याची दारं आणि मुलांचं खेळण्याचं मैदान यांपासून लांब असावी, वेळ ठरलेली असावी आणि घालणाऱ्याने स्वच्छता राखावी, हेही त्यातच लिहिलंय. म्हणजे काकांची बाजूसुद्धा त्याच पीडीएफमध्ये होती. ज्या अर्ध्या भागावर पिवळी खूण नव्हती, त्यात.

पंपरूमच्या मागची जागा, रात्री दहानंतरची वेळ, भांडी ज्याची त्याने उचलायची आणि जिन्याखाली नवा दिवा. अर्ध्या तासात सगळं ठरलं. मात्र मुलीचा भाडेकरार संपला तेव्हा घरमालकाने तो पुढे वाढवला नाही. "कटकट नको, ग्रुपवर नाव झालंय," एवढंच कारण. ती गेली.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चालते. गोड बोलणं किंवा शेवटी हात जोडलेलं चित्र टाकणं म्हणजे स्नेहाने मत मांडणं नव्हे. समोरच्याला मान न गमावता आपलं म्हणणं बदलता येईल, एवढी जागा ठेवणं म्हणजे स्नेह. चहाच्या टपरीवर माणूस "बरं, तसं असेल" म्हणून सहज मागे येतो. शंभर घरं बघत असताना तीच माघार त्याला हार वाटते. ही वाट खुली कशी ठेवायची, ते आता सांगते.

पहिलं म्हणजे आपली अडचण लिहा, दुसऱ्याचा स्वभाव लिहू नका. काकांचा मेसेज असाही लिहिता आला असता: "काल रात्री जिन्याखाली अंधार होता. हिचा पाय झोपलेल्या कुत्र्यावर पडला, थोडक्यात वाचली. खायला दुसरीकडे घालता येईल का? पंपरूममागे जागा आहे, मी दाखवायला येतो." काय झालं, त्रास काय, उपाय काय आणि मी त्यात काय करीन, हे चारही त्यात आलं. अशा मेसेजवर भांडायला माणसाला फार कष्ट घ्यावे लागतात.

दुसरं, "काही लोक" हे शब्द बोटांवर आले की थांबा. नाव न घेता टोमणा मारणं ही आपल्याकडची जुनी कला आहे. समोरासमोर तो हसण्यावारी नेता येतो, ग्रुपवर मात्र चौघं तो आपल्यालाच मारलाय असं समजतात, आणि ज्याला मारलेला असतो त्याला उत्तरही देता येत नाही. उत्तर दिलं तर "तुम्हाला कुठे काय म्हटलं?" हे ठरलेलं. बोलायचं तर सरळ बोला, नाहीतर सोडून द्या.

तिसरं, चूक दाखवायची असेल तर ती एकट्याला दाखवा. ग्रुपमधल्या मेसेजला खाजगीत उत्तर द्यायची सोय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आहे, ती वापरा. ग्रुपवर टाकायची ती फक्त सर्वांना उपयोगी पडणारी माहिती. तीच पीडीएफ "यात दोन्ही बाजूंचं आहे, मिळून बघूया का?" असं म्हणत आली असती, तर काका कदाचित चष्मा लावून पहिले वाचायला बसले असते. अर्थात त्यासाठी टाकणाऱ्यानेही नियम शेवटपर्यंत वाचलेला हवा.

चौथं, दुसऱ्याचं पटलं तर ते सर्वांसमोर सांगा. "हे माझ्या लक्षात आलं नव्हतं" असं एका ज्येष्ठ सदस्याने एकदा लिहिलं, की पुढचे दहा जण तसं लिहायला कचरत नाहीत.

पाचवं, अंगठे म्हणजे ठराव नव्हे. ग्रुपवर जोरात बोलणारे मोजके असतात, बाकीचे गप्प राहतात आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ जो तो आपल्या सोयीने लावतो. निर्णय सभेत होतो. गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तिथे विषय आणा, इतिवृत्तात नोंदवा. ग्रुपवर निकाल लावायची घाई नसली, की भाषाही आपोआप खाली येते.

आता सावधगिरीचं. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांत दुरुस्त करता येतो आणि सुमारे दोन दिवसांत सर्वांसाठी पुसता येतो, पण कुणी त्याचा स्क्रीनशॉट काढला असेल तर तो आपल्या हातात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं, म्हणून काहीही लिहायला मोकळीक मिळाली असं अनेकांना वाटतं. न्यायालयाने चर्चा, मताचा पुरस्कार आणि चिथावणी यांत फरक केला. पहिल्या दोन्ही गोष्टी कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना संरक्षण आहे, चिथावणीला नाही. बदनामीचा गुन्हाही कायम आहे, आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे.

त्याहून मोठा धोका मताच्या वेशात आलेल्या बातमीचा. "हा माणूस मला संशयित वाटतो" असं म्हणून कुणाचा फोटो टाकणं हे मत नाही, आरोप आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागत फिरणाऱ्या भटक्या समाजातली ती माणसं होती. आमच्या ग्रुपवर असा फोटो आला, की मी तो टाकणाऱ्याला फोन करते, फोटो काढायला लावते आणि शंका खरीच असेल तर पोलीस ठाण्यात जायला सांगते.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, मग गप्पच बसावं. तसं मुळीच नाही. मध्यंतरी एकाने सुचवलं, की घरकाम करणाऱ्या बायकांनी आणि डिलिव्हरीच्या मुलांनी लिफ्ट वापरू नये. तिथे मी खाजगीत गेले नाही. "मला हे मान्य नाही. आठव्या मजल्यावर रोज चढून जाणाऱ्या बाईचे गुडघेही आपल्यासारखेच आहेत," असं सगळ्यांसमोर लिहिलं. सुचवणाऱ्याचा स्वभाव काढला नाही, पण शब्द मऊही केले नाहीत. ग्रुपवरच्या माणसाला माघारीची वाट ठेवायची ती तो उत्तर देऊ शकतो म्हणून. ज्या बायकांविषयी ठरत होतं, त्यांतली एकही त्या ग्रुपवर नव्हती. अशा वेळी आपण बोललो नाही, तर त्यांच्या वतीने तिथे बोलणारं दुसरं कुणी नसतं.